पांढऱ्याला घालवलं, तरी पाठलाग थांबला नाही : अमळनेरच्या एका गोल्डफिश टाकीचं प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमळनेरहून फोन आला. बोलणारे आबा एस.टी.तून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी जरा खाली आलेला. "भाऊ, हाऊ लाल मासा कायाले जगू देत नही. दिनभर त्याना मांगे लागस." म्हणजे लाल मासा काळ्याला जगू देत नाही, दिवसभर त्याच्या मागे लागतो. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, लाल मागे लागतोय आठ दिवसांपासून. त्याआधी पांढरा लागत होता. त्याला घालवला, तर दुसऱ्याच दिवशी लालने सुरू केलं.

या एका वाक्यात अर्धं प्रकरण आलं होतं. ते मला तेव्हाच कळलं असं मात्र नाही.

माझं काम घरोघरच्या माशांच्या टाक्या लावून देण्याचं आणि सांभाळण्याचं. राहतो जळगावात, पण धरणगाव, अमळनेर, चोपडा या बाजूची बरीच घरं माझ्याकडे आहेत. गोल्डफिश एकमेकांच्या मागे लागतात ही तक्रार दर वर्षी येते आणि बहुतेक वेळा थंडी सरता सरता येते. दर वेळी घरच्यांनी एक गुन्हेगार आधीच ठरवलेला असतो. तो काढून टाकला की भागलं, अशी समजूत असते. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते याचसाठी, की इथे गुन्हेगार काढून टाकला होता आणि पाठलाग तसाच चालू होता.

पॅसेंजरने दुपारी पोहोचलो. टाकी ओसरीत, दगडी कट्ट्यावर. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. म्हणजे २ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी बसतं, त्या हिशोबाने ५६ लिटर. खालची खडी आणि वरची चार बोटं रिकामी जागा वजा केली तर खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. त्यात आता चार मासे होते, आठ दिवसांपूर्वी पाच होते. एक नारंगी-लाल कॉमेट, लांब एकेरी शेपटीचा, शेपटी धरून पाच इंच. एक ब्लॅक मूर, बाहेर आलेल्या डोळ्यांचा काळा मासा, त्याचं घरातलं नाव काळू. एक लाल टोपीचा ओरांडा, अजून लहान. आणि एक गोल पोटाचा, दुहेरी शेपटीचा साधा फॅनटेल. घालवलेला पांढरा हाही कॉमेटच.

पाणी निळसर होतं. मी काही विचारायच्या आतच वहिनी म्हणाल्या, "औषध टाकलंय. पांढऱ्याच्या आणि लालच्या गालावर पांढरे ठिपके आले होते. दुकानातून सांगितलं, व्हाइट स्पॉट आहे, हे थेंब टाका." औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बारा दिवस टाकत होते, दर रविवारी सगळं पाणी बदलून पुन्हा नव्याने.

काळू मागच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या झुडपाआड, तोंड काचेकडे करून उभा होता. शेपटीच्या कडा झिरमिळ्यांसारख्या फाटलेल्या. डाव्या कुशीवर, पोट आणि शेपटी यांच्या मध्ये, तीन-चार खवले गेलेले आणि तिथे फिक्कट गुलाबी कातडी उघडी पडलेली. लाल मात्र त्या वेळी निवांत होता, समोर येऊन तोंड उघडझाप करत खायला मागत होता. अर्धा तास बसलो. एकदाही पाठलाग झाला नाही.

माझा पहिला अंदाज साधा होता : जागा कमी, मासे जास्त, पाणी घाण. पाणी तपासलं. अमोनिया १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, नायट्राइट ०.५, पीएच ८.२. लावून स्थिरावलेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, पीएच चढा, आणि तिथेच जास्त नुकसान होतं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक रूप विषारी. पीएच ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी राहतो. ८.२ पीएचला, २५ अंशांच्या पाण्यात, तोच आठ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे कागदावर तोच आकडा, पण आपल्या खान्देशातल्या पाण्यात तो माशाला कितीतरी पट जास्त बाधतो. गोल्डफिश अमोनिया सोडतोही भरपूर, कारण तो सतत खातो आणि सतत शेण टाकतो. त्याला आपल्यासारखं जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं.

हे सगळं खरं होतं, पण यातून पाठलागाचा उलगडा होत नव्हता. घाण पाण्याने मासा मलूल होतो, वर येऊन हवा घेतो, पंख मिटून बसतो. एकच मासा दुसऱ्या एकाच माशाच्या मागे रोज ठरलेल्या वेळी लागतो, त्याला दुसरं कारण लागतं.

"ठरलेल्या वेळी" हा शब्द मला मिळाला तो नातवाकडून. चौथीतला पोरगा. आम्ही मोठी माणसं टाकीसमोर चर्चा करत होतो आणि तो मागे दप्तर घेऊन उभा होता. म्हणाला, "काका, आता नाही लागत तो. मी सकाळी ब्रश करतो ना, तेव्हा लागतो. शाळेतून येतो तेव्हा कमी होतं." आबांच्या "दिनभर"पेक्षा पोराचं निरीक्षण जास्त नेमकं होतं. सकाळचं पाहिल्याशिवाय काही करायचं नाही असं मी ठरवलं. आबांनी आग्रहाने ठेवूनच घेतलं. रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. त्याआधी मी फक्त तीन गोष्टी केल्या. औषध बंद केलं, साठवून ठेवलेल्या पाण्याने अर्ध्याला थोडं कमी पाणी बदललं, आणि फिल्टरमध्ये निळा रंग ओढून घ्यायला कोळशाची पिशवी ठेवली.

सकाळी सहाला ओसरीत येऊन बसलो. दिवा लावला नाही. बाहेर झुंजुमुंजू, अंगावर शाल लागत होती. काचेवरच्या पट्टीवर पाण्याचं तापमान १९ अंश. टाकीला हीटर नाही, ओसरी उघडी, त्यामुळे जानेवारीत हेच पाणी १३-१४ पर्यंत उतरलेलं असणार. आता दिवसा ऊन तापायला लागलं होतं आणि पाणी हळूहळू चढत होतं.

पावणेसातला उजेड काचेवर आला आणि लाल निघाला. मी नीट बघत होतो ते एवढंच : तो कुठे लागतोय. खाण्यावरून डाफरणारा गोल्डफिश समोरून येतो, तोंडाशी किंवा बाजूला धक्का देतो आणि लगेच खाण्याकडे वळतो. हा मागून येत होता, खालून. काळूच्या पोटाखाली तोंड घालून, शेपटीच्या बुडाशी, मलद्वाराजवळ ढुसण्या देत होता. काळू पळाला की हा बाजूला बाजूने, अंगाला अंग घासत. कोपऱ्यात कोंडलं की तिथेच दाबून धरत होता आणि तेव्हा काळूची डावी कूस खडीवर आणि काचेच्या सिलिकॉनवर घासत होती. गेलेले खवले नेमके तिथलेच. चावा कुठेच नव्हता. गोल्डफिशच्या तोंडात चावायला दातच नसतात, जे दात असतात ते घशात. खवले गेले ते घासून.

मग मी मोबाइलचा उजेड तिरपा धरून लालच्या गालाकडे पाहिलं. ठिपके होते. गालाच्या झाकणीवर, म्हणजे कल्ल्यावर, बारीक, टोकदार, एकसारखे, ओळीत मांडल्यासारखे. आणि छातीच्या दोन्ही परांच्या पुढच्या जाड काडीवर करवतीसारखी एक रांग. अंगावर एकही नाही, शेपटीवर नाही. ओरांडावर नाही, फॅनटेलवर नाही, काळूवर नाही.

तो आजार नव्हता. ती नराची खूण होती. विणीच्या दिवसांत वयात आलेल्या नर गोल्डफिशला हे ठिपके येतात आणि हंगाम ओसरला की बहुतेकांचे जातात. व्हाइट स्पॉटचे ठिपके मिठाच्या कणांसारखे कुठेही विखुरतात, अंगावर, शेपटीवर, परांवर. दोन-तीन दिवसांत वाढतात, एका माशावरून सगळ्यांवर जातात, आणि मासे अंग खाजवायला खडीवर घासून घेतात. बारा दिवसांत ठिपके वाढले नाहीत, पसरले नाहीत, फक्त दोन कॉमेटच्या गालांवर राहिले. एवढं कोणी पाहिलं असतं तर औषधाची बाटली उघडावी लागली नसती.

सातच्या सुमारास वहिनी चहा घेऊन आल्या. तोवर मी प्लॅस्टिकचं झुडूप हळूच वर काढलं होतं. त्याच्या पानांच्या खालच्या बाजूला तीन मणी चिकटले होते. राजगिऱ्याएवढे, पारदर्शक, किंचित पिवळसर. बोटाने हलवले तरी सुटेनात. वहिनींना वाटलं साबुदाण्यासारखं काही चिकटलंय. ती अंडी होती. बाकीची माशांनीच खाल्लेली असणार, गोल्डफिश आपली अंडी सोडत नाही. आबा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे काळू... मादी शे?" हो. दोन वर्षं ज्याला "तो" म्हणत होते ती मादी होती. नाव मात्र काळूच राहिलं आणि पोराने तिला शेवटपर्यंत "तो"च म्हटलं. म्हणून मीही पुढे तसंच लिहितो.

आता सगळं एका रांगेत लागलं. दोन नर, दोन्ही कॉमेट, म्हणजे गोल्डफिशमधले सगळ्यात चपळ. एक पिकलेली मादी आणि तीही ब्लॅक मूर. अंग गोल, पोहणं डुलत डुलत, डोळे बाहेर असूनही नजर अधू. थंडीनंतर पाणी तापू लागलं की गोल्डफिशला विणीची हाक येते. इथे तर त्यात भर पडत होती. दर रविवारी सगळं पाणी काढून रांजणातलं गार, ताजं पाणी भरलं जात होतं. गार ताजं पाणी आणि मग दुपारचं ऊन म्हणजे माशाला पहिल्या पावसाचा भास. अंडी घालून घ्यायची असतील तेव्हा आम्ही मुद्दाम असं करतो. या घरात दर रविवारी नकळत होत होतं आणि सोमवार-मंगळवारी पाठलाग वाढत होता. वहिनींनी आठवून सांगितलं, खरंच, सोमवारी जास्त असायचा.

पांढरा गेला तेव्हा लाल का सुरू झाला याचंही उत्तर यातच होतं. पांढरा थोरला होता, त्याच्यापुढे लालला संधी नव्हती. तो गेला, जागा रिकामी झाली. लालला कोणी बिघडवलं नव्हतं, त्याची पाळी आली होती.

मोकळ्या तलावात हा पाठलाग मादीला सोसतो. तिथे पळायला जागा असते, पाणवनस्पतींत शिरता येतं, नर थकतो, सकाळ उलटते. दोन फुटी काचेच्या पेटीत मादीला जायला जागाच नाही. त्यात अंगात अमोनिया भिनलेला. अमोनिया कशामुळे, तर औषधामुळेही. फिल्टरच्या स्पंजात जे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात त्यांना मिथिलीन ब्लू मारतं. वर तो स्पंज दर रविवारी नळाखाली धुतला जात होता आणि नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर. म्हणजे नसलेल्या आजारावरच्या औषधाने खरा आजार तयार केला आणि त्याचा पहिला बळी, जो आधीच मार खात होता तोच ठरणार होता.

मला इथे एक सांगावंसं वाटतं. दुकानदाराला दोष देऊन भागत नाही. त्याला कोणी मासा दाखवलाच नव्हता, फक्त "पांढरे ठिपके" एवढं सांगितलं होतं. कुठे आहेत, कोणावर आहेत, किती दिवसांचे आहेत, हे त्याने विचारायला हवं होतं, पण घरच्यांनीही बघायला हवं होतं.

आता उपाय. पहिला मी चुकवला. टाकीच्या मध्ये प्लॅस्टिकच्या जाळीचा पडदा उभा करून एका बाजूला काळू आणि दुसऱ्या बाजूला लाल ठेवला. एरवी हे जमतं. पण ४५ लिटरचे दोन भाग केले की प्रत्येकाला वीत-दीड वीत जागा उरते. लाल जाळीवर तोंड आपटत राहिला, दुपारपर्यंत त्याच्या ओठाला खरचटलं. काळू जाळीच्या दुसऱ्या बाजूला तसाच भेदरलेला. दोघं एकमेकांना दिसत होते, एकमेकांच्या पाण्यात होते. संध्याकाळी पडदा काढला.

मग वहिनींनी माळ्यावरून ६० लिटरचा टप काढून दिला, लग्नकार्यात पाणी भरायचा. तो मधल्या खोलीत, सावलीला ठेवला. त्यात ५० लिटर पाणी भरून, टीसीएल उतरवणारे थेंब टाकून, एअर पंप लावून, जुन्या टाकीतला अर्धा स्पंज कापून टाकला, औषधातून जेवढे जिवाणू वाचले असतील तेवढे तरी टपाला मिळावेत म्हणून. ५० ग्रॅम खडे मीठ विरघळवलं, लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून रक्तात शिरू देत नाही, एवढाच त्याचा उपयोग. काळूला जाळीने न पकडता वाडग्यात पाण्यासकट घेतलं. मूरचे डोळे जाळीत अडकून फुटतात, हे ज्यांच्याकडे हा मासा आहे त्यांनी लक्षात ठेवावं. टपावर अर्ध्या भागाला जुनं धोतर अंथरलं, अंधारासाठी. काळू त्या अंधारात शिरला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, खायला वर आला म्हणून.

खाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण पाठलाग विणीचा असला तरी उपासमार वेगळीच चालली होती. दिवसातून एकदा, तरंगणारे मोठे दाणे, एकाच कोपऱ्यात चिमूटभर. दोन्ही कॉमेट पाच सेकंदांत सगळं उचलत. काळूला ते वर दिसतच नसे, तो नंतर खडीत तोंड घालून उरलंसुरलं शोधायचा. घरचे म्हणत, "तो कमी खातो." त्याला मिळत नव्हतं. टपात मी बुडणारे बारीक दाणे सांगितले, पाच मिनिटं पाण्यात भिजवून, दिवसातून तीनदा, दर वेळी दोन मिनिटांत संपतील एवढेच. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेला वटाणा, साल काढून, कुस्करून. त्या दिवसांत ताजा वटाणा बाजारात भरपूर होता. पोराने हे काम स्वतःकडे घेतलं. नंतर त्याने मला दाखवलं, काळू वास घेत घेत येतो, वटाण्याच्या वर आला की थांबतो, खाली वाकतो, आणि चुकून बाजूची खडी तोंडात घेऊन थुंकतो, मग पुन्हा. जो मासा असा जेवतो त्याला कॉमेटच्या पंक्तीला बसवणंच चूक आहे.

यावर माझं मत पक्कं आहे आणि मी ते गिऱ्हाइकाला आवडो न आवडो सांगतो. एकेरी शेपटीचे कॉमेट, शुबंकिन, साधे गोल्डफिश एकीकडे आणि मूर, ओरांडा, फॅनटेल, बबल आय असले गोल अंगाचे दुसरीकडे. जात एकच असली तरी एका टाकीत त्यांचा संसार होत नाही. वीण नसली तर खाण्यावरून, खाणं भरपूर असलं तर नुसत्या वेगावरून, गोल अंगाचा मासा दबतोच.

पांढऱ्याचं काय झालं ते मला चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. त्याला शेजारच्या घरी दिला होता, त्यांच्याकडे काचेचा गोल बाऊल होता. सहा-सात लिटरचा असेल, फिल्टर नाही, हवा नाही. पाच इंची कॉमेट त्यात पाचव्या दिवशी मेला. घरात मोठ्यांनी पोराला सांगितलं नव्हतं. त्याला शेजारच्या मुलाने सांगितलं. मी टप तपासायला गेलो तेव्हा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पांढरा तर काही करत नव्हता ना? म्हणजे त्याला तसं वाटत होतं म्हणून करत होता ना?" मी हो म्हटलं. त्यापुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. "हा मासा फार त्रास देतो, घेऊन जा" असं कोणी म्हणालं की आता मी आधी विचारतो, कुठे देणार आहात. बाऊलमध्ये देणार असाल तर देऊ नका.

लालचा प्रश्न होताच. नात्यातल्या एकाने सुचवलं, बोरीच्या डोहात सोडून द्या, मोकळा होईल. दुसरा म्हणाला विहिरीत सोडा, डासांच्या अळ्या खाईल. नदीत सोडायला मी साफ नकार दिला. गोल्डफिश आपल्याकडचा मासा नाही. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून माणसाने पाळून-निवडून केलेला आहे. नदीत तो जगला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो, दुसऱ्यांची अंडी खातो, आणि बाजारातून आलेला रोग नदीला देतो. जगला नाही तर पहिल्याच खंड्या-बगळ्याच्या चोचीत. अळ्यांसाठी गप्पी मासे आहेत. विहिरीत उन्हाळ्यात पाणी किती राहील याचा भरवसा नव्हता.

आबांच्या मळ्यात, घराच्या पूर्वेला, निंबाखाली सिमेंटचा हौद आहे, सहा फूट बाय चार फूट, कमरेइतका खोल. मळा सांभाळणारं कुटुंब तिथेच राहतं. हौद रिकामा करून घासला, दोन दिवस पाणी भरून सोडून दिलं, मग पुन्हा भरलं. बगळ्यासाठी वर जाळी. तापीकाठच्या एका ओळखीच्या माणसाकडून थोडी जलपर्णी मागितली, ती पसरू नये म्हणून दोरीच्या चौकटीत अडकवली. लालला तिथे नेला आणि सोबतीला दोन छोटे शुबंकिन आणले, कारण एकटा गोल्डफिश मंदावतो. हौदात सोडल्यावर लाल पहिल्यांदा सलग पोहला. दोन फुटी टाकीत त्याला चार शेपट्या मारल्या की वळावं लागायचं. इथे तो एका टोकाहून निघाला आणि बराच वेळ नुसता सरळ गेला.

घरात आबांनी नवी टाकी करून घेतली, ३ फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. पाण्याचंच वजन दोन क्विंटलच्या जवळ जातं, म्हणून तीही दगडी कट्ट्यावरच, पण ओसरीतून आतल्या खोलीत, भिंतीला. जुन्या टाकीचा उरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवला. चार आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, तोवर दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी बदलत राहिलो. मग काळू, ओरांडा आणि फॅनटेल एकत्र सोडले. तिघांना एकाच दिवशी, जागा तिघांनाही नवी, म्हणजे कोणाचा आधीपासून हक्क नाही. पाण्याचा नियम बदलला : रविवारी सगळं काढायचं नाही, तिसरा हिस्साच काढायचा आणि नवं पाणी आदल्या दिवशी त्याच खोलीत भरून ठेवायचं, म्हणजे टाकीच्या पाण्याइतकंच कोमट राहतं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा.

एप्रिल-मे आमच्याकडे कसा असतो ते खान्देशाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४४-४५ ला जातो, रात्रीही भिंती तापलेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांची लेक माहेरी आली आणि घर माणसांनी भरलं. त्या आठवड्यात वहिनींचा घाबरून फोन, मासे वर तोंड काढून आहेत, पुन्हा भांडायला लागलेत. व्हिडिओ मागवला. भांडण नव्हतं. तिघंही वर हवेच्या बुडबुड्यांपाशी गर्दी करत होते आणि एकमेकांना धक्के लागत होते. पाणी ३२ अंश. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला तो सव्वासातवर येतो, आणि माशाला गरमीत लागतो उलट जास्त. कुलर खोलीत होताच, तो टाकीच्या वरून वारा जाईल असा वळवला. टाकीचं झाकण काढून जाळी ठेवली. दुसरा एअर पंप लावला, वीज गेली तर चालेल असा बॅटरीचा. खाणं निम्म्यावर आणलं आणि फक्त सकाळी लवकर. संध्याकाळपर्यंत पाणी २९ ला आलं आणि गर्दी मोडली. असा धक्काबुक्कीचा प्रकार दिसला की आधी हात पाण्यात घालून बघा, मग माशाला नाव ठेवा.

काळूच्या शेपटीच्या कडा महिन्याभरात भरून आल्या, नवा भाग आधी पारदर्शक, मग धुरकट, मग काळा. खवले यायला उन्हाळा गेला.

पुढच्या वर्षी, जानेवारी सरता सरता, पोराच्या आईच्या मोबाइलवरून फोटो आला. ओरांडाचा गाल, अगदी जवळून, दिवा तिरपा धरून काढलेला. कल्ल्यावर बारीक ठिपक्यांची ओळ. खाली लिहिलं होतं : "काका, हा पण नर निघाला. औषध नाही टाकलं." मी सांगितलं, हिरव्या लोकरीचे गुंडे करून टाकीच्या एका कोपऱ्यात सोड, दाट, म्हणजे काळू आणि फॅनटेल या दोघींना शिरायला जागा होईल, आणि अंडी घातली तर त्यालाच चिकटतील. मादी दोन, नर एकच आणि तोही गोल अंगाचा, जागा तिपटीहून जास्त. पाठलाग झाला, दीड दिवस. सकाळी दोन-तीन तास, कधी काळूमागे, कधी फॅनटेलमागे. कोणाचा खवला गेला नाही. पोराने लोकरीचा एक गुंडा उचलून बादलीत ठेवला, हवेचा खडा लावला. पाचव्या दिवशी त्यातून काचेवर चिकटलेल्या पापणीच्या केसांसारखी पिल्लं निघाली. किती ते मोजता येईना. महिन्याने अकरा उरली. त्यातली चार आता मळ्यातल्या हौदात आहेत.

गेल्या महिन्यात टाकी साफ करायला गेलो होतो. काळूच्या डाव्या कुशीवर, जिथले खवले गेले होते तिथे नवे आले आहेत, पण काळे नाहीत. तांब्याच्या रंगाचे. खिडकीतून ऊन आत आलं की तेवढाच पट्टा चमकतो.